किल्ल्या आणि हिरवा झगा

संत कॅथरिनशी माझी पहिली ओळख रोममध्ये झाली नाही, ती जुन्या गोव्यात झाली. मावशी तेव्हा पणजीला राहत असे आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्हां भावंडांना एकदा तरी जुने गोवे दाखवून आणण्याचा तिचा नेम होता. बाँ जेझूच्या बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीसमोर आम्ही थोडे घाबरून उभे राहत असू आणि मग रस्ता ओलांडून समोरच्या अवाढव्य पांढऱ्या से कॅथेड्रलमध्ये शिरत असू, ते मुख्यतः आतल्या गारव्यासाठी. तिथे मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेले कोरीव लाकडाचे भले मोठे काम छताकडे चढत जाते आणि त्यात अलेक्झांड्रियाच्या कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. मावशी सोळा सोमवार करणारी बाई, पण शेजारणींच्या संगतीने तिला सगळ्या संतांच्या कथा तोंडपाठ होत्या. या राजकन्येने सम्राटाच्या पन्नास पंडितांना वादात हरवले, म्हणून सम्राटाने तिला सुळे लावलेल्या चाकावर मारण्याचा हुकूम दिला. तिचा स्पर्श होताच चाकच मोडले, आणि शेवटी तिचा शिरच्छेद करावा लागला. "जिच्यापाशी मोडकं चाक दिसेल ती कॅथरिन, दुसरी कुणी नाही," अशी खूण मावशीने सांगून ठेवली होती. आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवे जिंकले तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे नेमका कॅथरिनच्या सणाचा, म्हणून हे देऊळ तिचे, हेही मावशीनेच सांगितले. ती चर्चला देऊळच म्हणत असे.

पुढे बऱ्याच वर्षांनी रोमला जाणे झाले. व्हॅटिकनच्या संग्रहालयांतून माणसांच्या लोंढ्याबरोबर सरकत सरकत मी सिस्टीन चॅपेलमध्ये, म्हणजे पोपच्या प्रार्थनागृहात, पोहोचले. तिथे प्रेक्षकाला वेदीच्या बाजूच्या एका लहान दारातून आत घेतात, त्यामुळे आत येताना वेदीमागचे मायकेलअँजेलोचे 'अंतिम न्याय' हे चित्र त्याच्या पाठीशी असते. तो आधी छत पाहतो, मान अवघडेपर्यंत पाहतो, रखवालदारांचे दर दोन मिनिटांनी होणारे "सिलेन्त्सिओ!" ऐकतो आणि मग केव्हातरी मागे वळतो. मी वळले तेव्हा निळ्या आकाशात तीनशेहून अधिक माणसे वर चढत होती आणि खाली कोसळत होती. सुमारे साडेतेरा मीटर उंच आणि बारा मीटर रुंद असलेल्या त्या भिंतीवर कुठून पाहायला सुरुवात करावी हे कळेना, आणि तेवढ्यात उजव्या अंगाला चाकाचा तुकडा दिसला. एक दणकट बांध्याची बाई तो दोन्ही हातांनी धरून ओणवी झाली होती. परक्या गावात मावशीची मैत्रीण भेटावी तसे मला झाले. मग लक्षात आले, की भोवतालची बहुतेक माणसे उघडी किंवा जेमतेम झाकलेली असताना हिच्या अंगावर मात्र एक जाड, हिरवा, अंगभर झगा होता.

तो झगा मायकेलअँजेलोने रंगवलेला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १५६५ साली, तो दुसऱ्या चित्रकाराकडून रंगवून घेण्यात आला, आणि रंगवून घेणारा पोपचाच दरबार होता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळले नाही, नंतर वाचताना कळले. तेव्हापासून रोममधल्या त्या काळच्या धार्मिक चित्रांविषयी मी जे काही वाचले, ते फिरून फिरून या झग्यापाशीच येऊन थांबले. ज्या सत्तेने हे चित्र काढवून घेतले तिनेच ते झाकले, आणि मधे पंचवीस वर्षेही गेली नाहीत, हे कसे घडले असावे?

त्यासाठी चित्राच्या आधी ती खोली पाहिली पाहिजे. सिस्टीन हे नावच पोप सिक्स्टस चौथा याच्यावरून पडले आहे. १४८३ साली १५ ऑगस्टला, मरियमच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, तिथे पहिली मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, झाली. भिंतींवरची चित्रे त्याआधीच, १४८१-८२ मध्ये, बोत्तिचेल्ली, गिर्लांदायो, पेरुजिनो, रोस्सेल्ली अशा चित्रकारांनी रंगवली होती. यातले बहुतेक फ्लॉरेन्सचे होते, आणि त्यांचे रोमला येणे हीच एक सलोख्याची खूण होती. तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल १४७८ मध्ये, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलात भर मिस्सेच्या वेळी, शहरावर हुकमत असलेल्या मेदिची घराण्यातल्या दोघा भावांवर खुनी हल्ला झाला होता. जुलियानो मारला गेला आणि लोरेन्झो बचावला. कटात पिसाचा आर्चबिशप सामील होता, आणि मेदिचींना सत्तेवरून हटवण्याच्या बेताला खुद्द सिक्स्टसची संमती होती. फ्लॉरेन्सवाल्यांनी आर्चबिशपला राजवाड्याच्या खिडकीतून फासावर लटकवले, आणि लटकलेल्या कटवाल्यांची चित्रे भिंतीवर रंगवण्याचे काम दिले बोत्तिचेल्लीला. पोपने लोरेन्झोला धर्मबहिष्कृत केले आणि युद्धही पुकारले. आर्चबिशपचे चित्र पुसून टाकावे ही त्याची मागणी मात्र पुढच्याच वर्षी मान्य करण्यात आली. यानंतर तोच बोत्तिचेल्ली त्याच पोपच्या चॅपेलमध्ये परांची चढवून चित्रे काढायला हजर झाला. भिंतीवरचे चित्र हा त्या काळी अब्रूचा आणि राजकारणाचा केवढा विषय होता, हे मला या एका हकिकतीने जितके समजले तितके कलेच्या इतिहासाच्या जाड ग्रंथांनी समजले नाही.

सिस्टीनमध्ये बोत्तिचेल्लीने जे रंगवले त्यात कोरहाच्या बंडाची कथा आहे. मोशे आणि अहरोन यांच्या अधिकाराला आव्हान देणाऱ्यांना धरणी दुभंगून गिळते, अशी ती बायबलमधली कथा. चित्रात मागे रोममधली कॉन्स्टंटाइनची कमान उभी आहे आणि तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, की अहरोनाप्रमाणे देवाने बोलावल्यावाचून कोणी हा मान आपल्याकडे घेऊ नये. पोपविरुद्ध धर्मसभा भरवण्याची भाषा युरोपात अधूनमधून होत असे, तिला दिलेले हे रंगीत उत्तर होते. समोरच्या भिंतीवर पेरुजिनोचे चित्र आहे. फरसबंद चौकाच्या मधोमध येशू एक सोन्याची आणि एक चांदीची किल्ली आपला प्रमुख शिष्य पीटर याच्या हाती देतो आहे. स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मी तुला देईन, या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वचनावर पोपपदाचा सगळा दावा उभा आहे, कारण प्रत्येक पोप स्वतःला पीटरचा वारस मानतो. मागच्या दोन कमानींवरचा मजकूर सिक्स्टसची तुलना शलमोन राजाशी करतो, आणि संपत्तीत तो कमी असला तरी धर्मात वरचढ आहे अशी मखलाशीही करतो. चित्र सुंदर आहे, हवेशीर आहे, आणि ते एक सनदही आहे. या किल्ल्या ध्यानात ठेवाव्यात, त्या पुन्हा लागणार आहेत.

छताविषयी सगळ्यांना सगळे ठाऊक असते, म्हणून मी थोडक्यात आवरते. सिक्स्टसचा पुतण्या ज्युलियस दुसरा याने मे १५०८ मध्ये मायकेलअँजेलोला हे काम दिले आणि ३१ ऑक्टोबर १५१२ रोजी छत खुले झाले. मला त्या दोघांचे त्याआधीचे भांडण अधिक आवडते. आपल्या थडग्याचे काम देऊन पोपने हात आखडता घेतला, भेटही नाकारली, तेव्हा हा तिशीतला शिल्पकार रागाने रोम सोडून गेला. आणि दुसऱ्याच दिवशी, १८ एप्रिल १५०६ रोजी, नव्या सेंट पीटर्स बॅसिलिकेचा पायाभरणीचा दगड बसवला गेला. महिनोन्‌महिने निरोप गेल्यावर बोलोन्यात समेट झाला. तिथे ज्युलियसचा भव्य ब्राँझ पुतळा करताना, डाव्या हातात पुस्तक दाखवू का, असे मायकेलअँजेलोने विचारले. "पुस्तक कसले, तलवार दे, मला अक्षराचे काही कळत नाही," असे उत्तर आल्याचे त्याचे चरित्रकार सांगतात. बोलोन्या पोपच्या हातून गेल्यावर तो पुतळा वितळवून त्याची तोफ करण्यात आली. स्वतः मायकेलअँजेलोने रोमविषयी एक सुनीत लिहिले आहे आणि त्यात, इथे प्रसादाच्या पेल्यांची शिरस्त्राणे आणि तलवारी होतात आणि ख्रिस्ताचे रक्त ओंजळीने विकले जाते, अशी जळजळीत तक्रार आहे. हे लिहिणारा माणूस आयुष्यभर पोपांची कामे करीत राहिला. त्यात मला ढोंग दिसत नाही. घरातल्या कर्त्या माणसाचा राग आला म्हणून घर परके होत नाही, तसे काहीसे ते असावे.

ज्युलियसनंतर लिओ दहावा आला आणि सूर बदलला. हा लोरेन्झो मेदिचीचा मुलगा. राफाएल तेव्हा पोपच्या दालनांत भिंती रंगवीत होता आणि त्यांतल्या एका चित्रात पाचव्या शतकातला पोप लिओ पहिला अटिला हूणाला रोमच्या वेशीवरून परत फिरवतो आहे. त्या जुन्या पोपला चेहरा चालू पोपचा द्यायचा, हा रिवाज. काम अर्धवट असताना १५१३ मध्ये ज्युलियस वारला, म्हणून चेहरा लिओ दहाव्याचा दिला गेला. पण तो तर कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचा धर्माधिकारी, म्हणून शेजारीच आधी रंगवून झाला होता! त्यामुळे चित्रात तो दोनदा आहे, एकदा कार्डिनल आणि एकदा पोप. ही जागा मी त्या दालनात मुद्दाम शोधून काढली आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही दाखवली. ती हसली, पण तिला ते पटले की नाही ते कळले नाही.

लिओच्या दरबारात आपल्याकडचाही एक पाहुणा होता. पोर्तुगालचा राजा मानुएल याने हिंदुस्थानातून आणवलेला एक पांढरा हत्ती १५१४ साली पोपला भेट म्हणून धाडला. हान्नो त्याचे नाव. मिरवणुकीत त्याने पोपसमोर तीनदा गुडघे टेकले आणि सोंडेने पाणी उडवून कार्डिनलांना भिजवले. दोन वर्षांनी तो आजारी पडला, वैद्यांनी सोने घातलेले रेचक दिले आणि तो मेला. तेव्हा शोकाकुल पोपने त्याचे चित्र काढण्यासाठी राफाएललाच बोलावले. ते भित्तिचित्र आता उरलेले नाही. ज्या हाताने मरियम रंगवल्या त्याच हाताने मलबारच्या किनाऱ्याकडून आलेला हत्ती रंगवला होता, हे मला उगीचच आवडते, म्हणून विषय थोडा सोडून सांगितले.

पण हत्ती, मेजवान्या, राफाएलच्या रेखाटनांवरून ब्रसेल्समध्ये विणून घेतलेले सोन्यारेशमाचे पडदे आणि सेंट पीटर्सचे न संपणारे बांधकाम, या सगळ्याला पैसा लागत होता. बॅसिलिकेसाठी देणगी देणाऱ्याला पापाच्या शिक्षेतून सूट मिळेल, अशी क्षमापत्रे जर्मनीत विकली जाऊ लागली. १५१७ साली, पुन्हा ३१ ऑक्टोबरलाच, मार्टिन ल्यूथरने आपली पंचाण्णव प्रमेये मांडली. एरवी ईश्वरशास्त्राच्या भाषेत चाललेल्या त्या मजकुरात मधेच बांधकामाचा हिशेब निघतो: आपल्या मेंढरांच्या कातडीवर, मांसावर आणि हाडांवर सेंट पीटर्स उभे राहण्यापेक्षा ते जळून राख झालेले पोपला बरे वाटेल, हे लोकांना शिकवावे, आणि पुढे, सर्वांत श्रीमंत असलेला पोप हे एक चर्च स्वतःच्या पैशाने का बांधत नाही, असा सरळ प्रश्न. रोममध्ये कलेचा जो बहर आला त्याच्या मुळाशी घातलेले पाणी कुठून आले होते, हे या दोन वाक्यांत आहे. ती चित्रे पाहताना ही वाक्ये मी विसरू शकत नाही, आणि वाक्ये आठवली म्हणून चित्रांवरून नजर काढताही येत नाही.

६ मे १५२७ रोजी सम्राट चार्ल्स पाचवा याचे पगार थकलेले सैन्य रोममध्ये घुसले. त्यात ल्यूथरचे पंथीय असलेले जर्मन शिपाई पुष्कळ होते. पोप क्लेमेंट सातवा, हाही मेदिचीच, तटावरच्या बंदिस्त वाटेने सांत आंजेलोच्या किल्ल्यात पळाला आणि त्याला वाट मिळावी म्हणून १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ मारले गेले. राफाएलच्या दालनात ख्रिस्तप्रसादाच्या माहात्म्याचे जे चित्र आहे, त्याच्या खालच्या भागात शिपायांनी टोकदार हत्याराने ल्यूथरचे नाव खरवडले. ती ओरखड्यांची अक्षरे नंतर बुजवली गेली, पण नाहीशी झाली नाहीत.

या क्लेमेंटनेच, मरण्याच्या थोडे आधी, सिस्टीनच्या वेदीमागची भिंत मायकेलअँजेलोकडून रंगवून घ्यायचे ठरवले. मायकेलअँजेलो सप्टेंबर १५३४ मध्ये रोमला पोहोचला आणि दोनच दिवसांनी क्लेमेंट वारला. नवा पोप पॉल तिसरा याने काम सोडू दिले नाही. त्याने मायकेलअँजेलोला राजवाड्याचा प्रमुख शिल्पकार, चित्रकार आणि वास्तुकार नेमले, वर्षाला बाराशे स्कुदी बांधून दिले, आणि त्यातला अर्धा वाटा पियाचेन्झाजवळ पो नदीवर चालणाऱ्या तरीच्या उताऱ्यातून यायचा होता. जगाच्या अंताचे चित्र नदी ओलांडणाऱ्या शेतकऱ्यांच्या पैशांतून रंगले, असेही म्हणता येईल.

या चित्रासाठी भिंत मोकळी करायची होती, आणि मोकळी करणे म्हणजे आधीचे नष्ट करणे. पेरुजिनोने वेदीवर रंगवलेले मरियमचे स्वर्गारोहण गेले, म्हणजे ज्या सणाला चॅपेल अर्पण केले होते त्याचेच चित्र गेले, आणि त्यात गुडघे टेकून बसलेला खुद्द सिक्स्टसही गेला. मोशे आणि येशू यांच्या चरित्रमालिकांतली पहिली दोन चित्रे गेली. पहिल्या पोपांच्या प्रतिमा गेल्या. वरच्या बाजूला ख्रिस्ताच्या पूर्वजांची दोन अर्धवर्तुळे होती, ती स्वतः मायकेलअँजेलोने छताबरोबर रंगवलेली. तीही त्याने खरवडून टाकली. कॅथरिनच्या झग्याविषयी हळहळणाऱ्या माझ्यासारखीने हे आधी ऐकायला हवे होते. या भिंतीवर आधीच्याचे पुसूनच नंतरचा बोलतो, आणि मायकेलअँजेलोही त्याला अपवाद नव्हता.

१५४१ साली, आणखी एका ३१ ऑक्टोबरला, पडदा उघडला. मध्यभागी दाढी नसलेला, पैलवानासारखा ख्रिस्त हात उगारून उभा आहे. मरियम शेजारी आहे, पण ती आता रदबदली करीत नाही. तिने मान वळवली आहे. डावीकडे मेलेली माणसे थडग्यांतून उठत आहेत, उजवीकडे खाली नरकाचा नावाडी वल्हे उगारून माणसांना होडीतून हाकलतो आहे. संत बार्थोलोम्यूने स्वतःची सोललेली कातडी हातात धरली आहे आणि तिच्या लोंबत्या चेहऱ्यात मायकेलअँजेलोने आपला चेहरा रंगवला आहे. आणि ख्रिस्ताच्या उजव्या बाजूचा, म्हणजे आपल्या डावीकडचा, बाप्तिस्मा देणारा योहान पाहून झाला की समोरच्या बाजूला पीटर दिसतो. म्हातारा, थोराड, पुढे झुकलेला. त्याच्या हातांत दोन प्रचंड किल्ल्या आहेत आणि तो त्या ख्रिस्तापुढे धरतो आहे. तो त्या परत करतो आहे.

हे मला ज्या क्षणी उमगले तो क्षण मी त्या खोलीत मिळवलेली खरी कमाई समजते. बाजूच्या भिंतीवर पेरुजिनोच्या शांत चौकात येशू किल्ल्या देतो. वेदीच्या भिंतीवर, साठ वर्षांनी रंगवलेल्या वादळात, पीटर त्या परत देतो, कारण आता दारे उघडायला किंवा लावायला कोणा मध्यस्थाची गरज उरलेली नाही. पोपपदाची सनद आणि तिची मुदत, दोन्ही एकाच खोलीत आहेत. आणि याच खोलीत कार्डिनल नवा पोप निवडतात. प्रत्येक जण मतपत्रिका घेऊन वेदीपाशी जातो आणि जो माझा न्याय करणार आहे त्या ख्रिस्ताला मी साक्षी ठेवतो, अशा अर्थाची शपथ घेतो. त्या वेळी उगारलेला हात त्याच्या डोळ्यांसमोर असतो. पोपांनी चित्रकारांकडून स्वतःचा गौरव करवून घेतला हे खरे आहे आणि मी ते वर लिहिलेच आहे. पण हे चित्रही पोपनेच काढवून घेतले, आणि ते त्याचा गौरव करीत नाही.

तक्रारी मात्र चित्र पुरे होण्याआधीच सुरू झाल्या होत्या. पोपचा समारंभप्रमुख बियाजो दा चेझेना याने, हे चित्र चॅपेलला नव्हे तर हमामखान्याला किंवा दारूच्या गुत्त्याला शोभेल, असे म्हटले. मायकेलअँजेलोने उजव्या कोपऱ्यात, नरकाचा न्यायाधीश मिनोस म्हणून, गाढवाच्या कानांसकट त्याचाच चेहरा रंगवला आणि कमरेला सापाचे वेटोळे दिले. तो साप कुठे चावतो आहे ते पाहणाऱ्याने पाहावे. बियाजो पोपकडे गेला तेव्हा पोप म्हणाला म्हणे, की तुला शुद्धिस्थळात, म्हणजे पापे धुऊन निघेपर्यंत आत्मे थांबतात तिथे, टाकले असते तर काही करता आले असते, नरकात माझा अधिकार चालत नाही. किस्सा सगळीकडे सांगतात आणि सांगण्यासारखाच आहे. त्याने एक गोष्ट मात्र झाकली जाते, ती अशी की आक्षेप घेणारे सगळेच बियाजोसारखे हास्यास्पद नव्हते, आणि चित्राची बाजू घेणारेही चर्चमधलेच होते. थडग्यातून उठलेल्या माणसाला कपडे कुठून असणार? पद, पैसा, वस्त्र हे सगळे इथेच राहते आणि देह तेवढा उठतो, असा उघड्या शरीराचा अर्थ लावता येत होता आणि लावणारे लावत होते. दुसऱ्या बाजूला, उत्तरेकडे काही प्रोटेस्टंट पंथीय चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे मूर्तिपूजा म्हणून फोडत असताना, पोपच्या स्वतःच्या वेदीवर टीकेला आयते निमित्त कशाला द्यावे, हा प्रश्नही खोटा नव्हता. ज्या पॉल तिसऱ्याने हे चित्र पुरे करवून घेतले, त्यानेच १५४० मध्ये जेझुइट संघाला मान्यता दिली, १५४२ मध्ये रोममध्ये धर्मन्यायालय उभे केले आणि १५४५ मध्ये ट्रेंटची धर्मसभा बोलावली. चित्र खुले झाल्यावर सहा-सात महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, त्याने धाडलेला फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या धक्क्यावर उतरला. बॅसिलिकेतली शवपेटी आणि सिस्टीनची भिंत ही एकाच पोपच्या कारकिर्दीतली शेजारची पाने आहेत, हे लहानपणी मला कोणी सांगितले असते तरी कळले नसते.

नंतरचा पॉल चौथा हा कडक माणूस. चित्र जरा नीटनेटके करून दे, असा निरोप त्याने पाठवला, तेव्हा मायकेलअँजेलोने उत्तर धाडले, की ही बारीकशी गोष्ट आहे, लवकर होईल. पोपमहाराजांनी आधी जग नीटनेटके करावे. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या सभेने शेवटच्या बैठकीत ठरवले, की पवित्र चित्रे ठेवणे योग्यच आहे, पण त्यांत कामुकपणाला थारा नसावा आणि देखरेख बिशपांनी करावी. पुढच्याच महिन्यात सिस्टीनमधली आक्षेपार्ह अंगे झाकावीत असा निर्णय झाला. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा मायकेलअँजेलो वारला. तो जिवंत असेपर्यंत भिंतीला कोणी हात लावला नव्हता.

काम दिले दानिएले दा व्होल्तेर्राला. लोकांनी त्याला 'ब्रागेत्तोने' असे नाव ठेवले, म्हणजे विजारवाला. मोकळेपणाने सांगायचे तर चड्डीवाला. तो स्वतः चांगला चित्रकार होता, पण पुढची साडेचारशे वर्षे तो या एका नावाने ओळखला गेला. मीही त्याला मनातल्या मनात खलनायक ठरवून टाकले होते. मग दोन गोष्टी वाचल्या. पहिली अशी, की मायकेलअँजेलोच्या अखेरच्या घटकेला उशाशी जी थोडी माणसे होती त्यांत दानिएले होता, आणि त्या वृद्ध चेहऱ्याचे जे ब्राँझ अर्धपुतळे आज आपण पाहतो ते त्याचेच काम आहे. दुसरी अशी, की बहुतेक ठिकाणी त्याने कोरड्या गिलाव्यावर हलक्या हाताने वरून वस्त्रे रंगवली, म्हणजे खालचे चित्र शाबूत राहिले. त्या दिवसांत भिंत पूर्ण पाडून टाकावी असे म्हणणारेही होते. तरुण एल ग्रेकोने तर, हे पाडा, मी याहून सभ्य आणि याहून कमी दर्जाचे नसलेले चित्र काढून देतो, असे सुचवल्याची कथा आहे. अशा वेळी मित्राच्या चित्राला विजारी चढवणे हे त्याला वाचवणेही होते. दानिएलेला हे काम करताना काय वाटले असेल याची मी पुष्कळदा कल्पना करते. प्रेताला शेवटची वस्त्रे नेसवणाऱ्या जवळच्या माणसाचे हात मला त्या वेळी दिसतात.

फक्त दोन आकृतींना हा न्याय मिळाला नाही. एक कॅथरिन आणि दुसरा तिच्या मागे उभा असलेला संत ब्लेझ. ती उघडी, ओणवी, आणि तो लोकर विंचरायच्या फण्या घेऊन तिच्या पाठीवर वाकलेला, ही रचना पाहणाऱ्यांनी भलतीच वाचली. म्हणून इथे नुसता रंग न लावता गिलावाच फोडून काढण्यात आला, नवा ओला गिलावा चढवला गेला, आणि त्यावर कॅथरिन हिरव्या झग्यासह आणि ब्लेझ मान ख्रिस्ताकडे वळवून नव्याने रंगवले गेले. डिसेंबर १५६५ मध्ये पोप पायस चौथा वारला, नव्या निवडणुकीसाठी चॅपेल रिकामे हवे होते, म्हणून परांची उतरवण्यात आली. त्याच वर्षांत इकडे जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या भिंती उभ्या राहत होत्या. १५६२ मध्ये ते काम सुरू झाले होते. एका ठिकाणी कॅथरिनला घर मिळत होते, दुसऱ्या ठिकाणी कपडे.

१९९० ते १९९४ या काळात 'अंतिम न्याया'ची सफाई झाली तेव्हा विजारींचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा आला. नंतरच्या शतकांत चढवलेली बरीचशी वस्त्रे काढली गेली. दानिएलेची, ट्रेंटच्या निर्णयाची साक्ष म्हणून, ठेवली गेली. मला हा निवाडा योग्य वाटतो. कॅथरिनच्या बाबतीत तर निवाड्याला वावच नव्हता, कारण झग्याखाली काही उरलेलेच नाही.

ती होती तशी पाहायची असेल तर नेपल्सला जावे लागते. तिथल्या कापोदिमोंते संग्रहालयात मार्चेल्लो व्हेनुस्तीने १५४९ साली केलेली 'अंतिम न्याया'ची लाकडी फळीवरची नक्कल आहे, दोन मीटरही उंच नसलेली. ती करवून घेतली होती कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेझेने, म्हणजे पॉल तिसऱ्याच्या नातवाने. पोपला नातू कसा, हा प्रश्न त्या काळी रोममध्ये फारसा कोणी विचारत नसे. रोमहून परतण्याच्या आधीच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने नेपल्सला गेले, टेकडी चढून संग्रहालयात पोहोचले आणि त्या फळीसमोर उभी राहिले. दालनात एक रखवालदार खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता, दुसरे कोणी नव्हते. उजव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, कॅथरिन चाक धरून ओणवी होती, अंगावर चिंधीही नव्हती, आणि तिने मान वळवून मागे ब्लेझकडे पाहिले होते. मी इतकी जवळ वाकले, की रखवालदाराने वर्तमानपत्र खाली केले आणि बोटानेच मला एक पाऊल मागे घ्यायला सांगितले.